'बेअरिंग तर नुकतंच बदललंय': ट्रकच्या पुढच्या चाकातल्या घरघरीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरला देवास नाक्याकडे ऑफिस असलेले एक छोटे ट्रान्सपोर्टवाले आहेत, घरचे मराठी, वडिलांनी एका गाडीवर धंदा सुरू केला आणि आता मुलगा बघतो, चार-पाच गाड्या आहेत. नाव, गाडीची कंपनी, नंबर काही देत नाही, त्याची गरजही नाही. गाडी सहा चाकी, एअर ब्रेकची, चारही कोपऱ्यांत ड्रम, आणि एबीएसवाली, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली. लाइन ठरलेली. इंदूरहून सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढल्यावर उरते ती पेंड, भरून धुळ्याकडे जायचं आणि येताना जो माल मिळेल तो घेऊन यायचं.

हा रस्ता माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो कारण पुढे याचा संबंध आहे. इंदूर पठारावर आहे, मानपूर सोडलं की गणेश घाटाची उतरण लागते, ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांमुळे ती बदनाम आहे, खाली उतरून खलघाटला नर्मदा ओलांडायची, मग सेंधवा, पुढे बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात शिरपूर आणि धुळे. म्हणजे जाताना भरलेली गाडी दोनदा मोठा घाट उतरते, आणि उतारावर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं. पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या बेअरिंगवाल्या मधल्या भागात, काही कमी-जास्त असेल तर ते याच रस्त्यावर बाहेर पडणार.

मी छोट्या गाडीमालकांच्या मेंटेनन्सचं बघतो. या प्रकरणात मला बोलावलं ते आवाज दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर, त्यामुळे आधीचा भाग ड्रायव्हर, मालक आणि एक बिल यांच्याकडून कळलेला आहे. मालकाला सगळे दादा म्हणतात, मीपण तसंच लिहितो. ड्रायव्हर मालव्यातला, गाडी चांगली सांभाळणारा. आणि मिस्त्री काका, मराठी, जन्म इंदूरचाच, हबचं काम त्यांच्या हातचं बघण्यासारखं असतं.

अडचण

ऑगस्टचा पाऊस चालू होता, दोन-तीन ठिकाणी रस्त्यावर चाक अर्धं बुडेल इतक्या पाण्यातून गाडी काढावी लागली होती. त्यानंतरच्या एका फेरीत परत येताना ड्रायव्हरनं फोन केला, "भिया, अगले पहिये में कुछ पीस रिया है." डावीकडून, ३५-४० च्या वर गेलं की घर्रर्र, हळू केलं की कमी. दादांनी सांगितलं रस्त्यात कुठेतरी दाखवून घे आणि ये. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं चाक उघडलं, ब्रेक लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर) बदलले, बेअरिंग बदललं, नवीन ग्रीस भरलं, बेअरिंग धरून ठेवणारा चेक नट कसला आणि गाडी सोडली. आवाज पूर्ण बंद. बिलात लिहिलेलं, लायनर सेट, बेअरिंग १, ग्रीस, मजुरी.

पुढचे दोन-तीन आठवडे सगळं ठीक चाललं. मग आवाज परत आला, पण यावेळी थोडा वेगळा. रिकाम्या गाडीला जवळजवळ नाही, भरल्यावर मात्र चाळीसच्या वर हमखास. मध्येच एकदा एबीएसचा दिवा लागला. तो कुणीतरी ढाब्यावर सेन्सर आत ढकलून बंद करून दिला आणि दादांपर्यंत ती बातमी आलीच नाही, कारण दिवा बंद झाला म्हणजे विषय संपला असं ड्रायव्हरला वाटलं, त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही, दिवा लागला तर सांग असं त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मला फोन आला तेव्हा गाडी भरून उभी होती. डीओसीची पोती चढलेली, ताडपत्री बांधलेली, धुळ्याची पार्टी सकाळपासून दोनदा विचारून झालेली. दादा म्हणाले, "बेअरिंग तर नुकतंच बदललंय, लायनरपण नवे आहेत, म्हणजे किंग पिनच असणार. एवढी फेरी मारून आली की किंग पिन करून घेतो. काय म्हणता?"

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. बिलावर बेअरिंग लिहिलंय म्हणून दादांनी बेअरिंगवर फुली मारली, लायनर लिहिलंय म्हणून ब्रेकवर फुली मारली, आणि जे उरलं त्याला, म्हणजे किंग पिनला (पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन), दोषी ठरवून टाकलं. बिल म्हणजे काय विकलं त्याचा कागद असतो, चाकाच्या आत आत्ता काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

समोर काय पर्याय होते

पहिला दादांचाच, गाडी जाऊ द्यायची आणि आल्यावर बघायचं. याच्या बाजूनं बोलायला बरंच होतं. भाडं जाणार नाही, पार्टी खूष, शिवाय गाडी 'चालतेय' ना. विरुद्ध बाजूला फक्त एक प्रश्न, पण तो जड: आवाज जर बेअरिंगचा असेल तर दोन घाट उतरून जाणाऱ्या भरलेल्या गाडीच्या पुढच्या चाकात काय काय होऊ शकतं? बेअरिंग गरम होऊन जाम होतं, त्याचा कोन, म्हणजे रोलरवाला भाग, स्टब ॲक्सलवर (हब ज्यावर बसतो तो दांडा) फिरायला लागतो आणि स्टब खातो, सील जळून ग्रीस लायनरवर आलं की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, आणि अगदी शेवटी हबसकट चाक निघून जातं. मागच्या जोडीत एक टायर गेला तर दुसरा सांभाळून घेतो, पुढे ती सोय नाही.

दुसरा पर्याय, डावीकडचं सगळंच बदलून टाका, बेअरिंग, किंग पिन, बुश, लायनर. पैसेवाल्याचा पर्याय आहे हा. आणि यात एक गोची अशी की सगळं बदललं आणि आवाज गेला तर कशामुळे गेला ते कधीच कळत नाही, आणि नाही गेला तर परत शून्यावर.

तिसरा, कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची. तिथे रांग होती, भरलेली गाडी घ्यायला ते तयार नव्हते, आणि पोती उतरवून मग न्यायची म्हणजे हमाली दोनदा.

चौथा, जो मी सुचवला, चाक न उघडता आधी दीड-दोन तास तपासायचं आणि मग ठरवायचं की गाडी जाते का माल दुसऱ्या गाडीत जातो. दादांना हे पटलं नाही सुरुवातीला. "उघडून बघितलं की कळेलच की." पण नेमकं तेच पहिल्यांदा झालं होतं ना! चाक उघडलं की ग्रीस पुसलं जातं, बेअरिंग डिझेलनं धुतलं जातं, नट नव्यानं कसला जातो, आणि बंद करून फिरवलं की नव्या ग्रीसनं आवाज दबतो. चाक कसं वागत होतं त्याचा पुरावा उघडणाऱ्यानं स्वतःच धुऊन टाकलेला असतो. म्हणून आधी बाहेरून जेवढं मिळतं तेवढं घ्यायचं, मग पाना लावायचा.

तपासणी

सगळ्यात आधी ड्रायव्हरला बसवून विचारलं. हे फुकटचं काम आहे आणि तोवर कुणीच केलं नव्हतं, सगळ्यांनी त्याला 'कुठून येतो आवाज' एवढंच विचारलेलं. ब्रेक दाबला की आवाज बदलतो का? नाही. क्लच दाबला तर? तसाच राहतो. वळणावर? इथे तो थांबला आणि म्हणाला, घाटात उजव्या वळणाला वाढतो, डाव्या वळणाला जवळजवळ जातो. हे त्यानं बिजासनलाच पाहिलेलं होतं. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणजे डावं चाक दाबलं गेलं की ओरडतं. सांगणारा माणूस आठवडाभर समोर होता, पण विचारलंच नाही कुणी. मग मी दिव्यांचं विचारलं तेव्हा एबीएसची गोष्ट निघाली.

एबीएसचा सेन्सर साधारणपणे एका स्प्रिंगच्या बुशमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो आणि हबवरच्या दातेरी रिंगच्या अगदी जवळ असतो. हब डुगडुगायला लागला की रिंग त्या सेन्सरला मागे ढकलते, अंतर वाढतं, सिग्नल कमजोर होतो आणि दिवा लागतो. सेन्सर परत आत ढकलला की दिवा जातो, हब मात्र डुगडुगतच राहतो. दिवा इलेक्ट्रिकचा असला तरी तक्रार हबची होती असं मला तेव्हाच वाटलं, पण वाटण्यावर भाडं सोडायला कुठला मालक तयार होईल.

मग गाडी बायपासच्या सर्व्हिस रोडवर घेतली, भरलेलीच, कारण रिकामी आवाज करत नव्हती. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे नेला नाही. क्लच दाबून इंजिन खाली आणलं, आवाज तसाच, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा संबंध नाही. ब्रेक हलका लावून धरला, आवाज तसाच, आणि हे महत्त्वाचं आहे, लायनर रिव्हेटपर्यंत झिजून ड्रम खात असेल तर आवाज ब्रेक लावताना वाढतो किंवा निदान बदलतो. बॅकप्लेटमध्ये खडा अडकला असेल तर तो साधारण हळू गाडीलापण खरखरतो आणि वजनाशी, वळणाशी त्याला फारसं घेणं नसतं. हे दोन्ही बाजूला पडले. वळणाची परीक्षा वेगात करायची नाही, भरलेली गाडी नागमोडी चालवणं म्हणजे आपणच अपघात मागवणं. मोकळ्या जागेत हळू, मोठा वळसा घेऊन केली. ड्रायव्हरचं म्हणणं बरोबर निघालं.

परत आल्यावर लगेच दोन्ही हब हातानं बघितले. ब्रेक फारसे वापरले नव्हते, मुद्दामच. उजव्या हबवर हात आरामात ठेवता येत होता, डाव्यावर दोन सेकंदपण नाही. ड्रमच्या बाहेरच्या कडेपेक्षा मधली हब कॅप जास्त गरम होती, आणि ब्रेक चिकटून राहिला असता तर उलटं असतं, ड्रम जास्त तापला असता. (दादांच्या मुनीमजींनी कोरोनातलं कपाळाला लावायचं थर्मामीटर काढून आणलं, त्यानं हबवर नुसतं 'हाय' दाखवलं. ते तापाच्या माणसासाठी बनवलेलं आहे, चाळीसच्या थोडं वर गेलं की त्याची पट्टी संपते. वर्कशॉपचं वेगळं मिळतं, घेऊन ठेवावं.) पहिल्यांदा नुसता हात टेकवायचा नाही, आधी हात जवळ नेऊन धग बघायची आणि मग हाताची पाठ लावायची, नाहीतर फोड येतो.

इथे दादा अर्धे वळले होते, पण किंग पिन त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. मग मिस्त्री काकांनी जी परीक्षा केली ती प्रत्येक गाडीमालकानं एकदा डोळ्यांनी बघावी. मागच्या चाकांना ओट, म्हणजे अडसर लावले, पार्किंग ब्रेक लावला, डावा पुढचा भाग जॅकवर उचलून ॲक्सलखाली घोडी, म्हणजे आधाराचा स्टँड ठेवला. जॅकच्या भरवशावर कुणीही हात घालायचा नाही, घोडी पाहिजेच. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवलं, चांगला खेळ जाणवला, टक-टक आवाज. आता हा खेळ बेअरिंगचा असू शकतो नाहीतर किंग पिनचा, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. काकांनी पोराला केबिनमध्ये पाठवलं, "ब्रेक दाबून धर." टाकीत हवा होतीच. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला घट्ट पकडतात आणि हब व स्टब एकच होऊन जातात, मधल्या बेअरिंगचा खेळ उरत नाही. परत हलवलं. बहुतेक सगळा खेळ गायब. अगदी थोडासा उरला, तो किंग पिनचा.

काका दादांना म्हणाले, "हा बघा तुमचा किंग पिन. एवढासा आहे. बाकीचं सगळं बेअरिंगचं."

"पण काका, नवीन टाकलंय ना ते!"

"नवीन काय टाकलं ते उघडल्यावर सांगतो."

शेवटी काकांनी एक हात पाट्यावर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चाक हळू फिरवलं. कानाला फार काही ऐकू येत नव्हतं पण पाट्यावर हाताला खरखर लागत होती, उजव्या बाजूला तसं केलं तर काहीच नाही.

निर्णय

गाडी जाणार नाही, इथपर्यंत आता वाद नव्हता. वाद होता तो मालाचा. दादांचं म्हणणं, माल याच गाडीत ठेवा, आज काम करा, उद्या पहाटे काढतो. माझं म्हणणं होतं की उघडल्यावर स्टब खराब निघाला तर ही गाडी तीन-चार दिवस अडकेल, आणि भरलेल्या गाडीचं पुढचं चाक उघडून ती रात्रभर घोडीवर ठेवायची पावसात, कच्च्या जमिनीवर, हे बरं नाही. बाजारात ओळखीची एक गाडी रिकामी होती. तिला भाडं देऊन माल तिच्यात हलवला. त्या फेरीत दादांच्या हाती काही उरलं नाही, हमाली वरून गेली, आणि ते दोन दिवस माझ्याशी जरा तोडूनच बोलत होते. खरं सांगायचं तर स्टब चांगला निघाल्यामुळे, नुसता हिशोब बघितला तर दादांचंच बरोबर ठरलं असतं. पण निर्णय घेताना स्टबचं माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही त्यावर पैज कोण लावणार. यावर आमचं आजही एकमत नाही.

उघडल्यावर काय दिसलं

हब कॅप काढली तेव्हाच आतलं ग्रीस दिसलं, फाटलेल्या दुधासारखं, पाणी मिसळलेलं, आणि बोटात चोळलं की चमकणारी बारीक कणी. आतल्या ऑइल सीलची ओठासारखी जी कड असते ती एका जागी कापलेली आणि पत्र्यावर छिन्नीच्या खुणा, म्हणजे सील ठोकून बसवलेलं, किंवा जुनंच काढून परत लावलेलं. पाणी इथूनच येत होतं.

आणि बेअरिंग. आतल्या बाजूचा कोन, म्हणजे रोलरवाला भाग, खरोखरच नवा होता, त्यावरचे कंपनीचे अक्षर अजून ताजे. पण हबमध्ये ठोकून बसवलेला जो कप असतो, ज्याच्यावर हे रोलर पळतात, तो जुना होता. त्याच्या वाटेवर जागोजागी सालपटं निघालेली, नख फिरवलं तर अडकत होतं. बिलातलं 'बेअरिंग १' हे असं होतं, अर्धं. कप काढायला वेळ लागतो, हब बाहेर काढून पितळी दांड्यानं मागून ठोकावा लागतो, म्हणून घाईत लोक कोन बदलून देतात आणि कप तसाच ठेवतात. नवा कोन, ताजं ग्रीस आणि कसलेला नट, तिघांनी मिळून आवाज दाबला, आणि खराब कपानं दोन-तीन आठवड्यांत नव्या कोनाचे रोलरपण खाल्ले. बाहेरचं बेअरिंग पूर्ण जुनंच होतं, त्याचा रंग थोडा निळसर झालेला, म्हणजे चांगलं तापून झालेलं. नट जास्त कसला तरी बेअरिंग तापतं, आणि आवाज दाबायला नट कसणं हा रस्त्यावरचा जुना उपाय आहे.

लायनरचं काय? ड्रायव्हर लोक जुने पार्ट मालकाला दाखवायला आणतात, बिल खरं आहे हे पटवायला, तसे त्यानं जुने लायनर केबिनमागे पोत्यात ठेवले होते. काढून बघितले तर रिव्हेटच्या डोक्यावर अजून बराच माल शिल्लक. म्हणजे ते लायनर ड्रम खाऊच शकत नव्हते. ते आणखी चालले असते. पोतं त्याच वेळी कुणी उघडून बघितलं असतं तर 'लायनरमुळे आवाज होता' ही गोष्ट तिथेच मेली असती.

स्टब ॲक्सल पुसून काकांनी नखानं आणि मग मायक्रोमीटरनं बघितला. कोन बसतो त्या जागी हलकी खूण होती, खाच नव्हती, माप बरोबर. इथे एक जण, लेथवाला, सहज म्हणून गेला की खाच असती तर वेल्डिंग भरून खराद करून दिलं असतं, स्वस्तात. मिस्त्री काकांनी त्याला तिथेच गप्प केलं. पुढच्या चाकाचा स्टब वेल्डिंगनं भरायचा नाही, उष्णतेनं पोलाद ठिसूळ होतं आणि तुटतं ते सांगून तुटत नाही. खराब असता तर बदलला असता.

काम

आत-बाहेरची दोन्ही बेअरिंग कप-कोन मिळून जोडीनं घेतली, नवीन सील, कॅपचं पॅकिंग, नवीन लॉक वॉशर. हबमधलं जुनं ग्रीस एक कण न ठेवता काढलं, यावर काका फार कडक आहेत. वेगवेगळ्या जातीचं ग्रीस एकात एक मिसळलं की बऱ्याचदा पातळ होऊन वाहून जातं. आणि चेसिसला मारायचं साधं कॅल्शियमचं ग्रीस हबमध्ये चालत नाही, ते शंभर डिग्रीच्या आसपासच वितळतं, लिथियमवालं त्याच्या बरंच वर टिकतं. लिथियमचंच एपी-३ वापरलं. कोन तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरला, रोलरच्या मधून दुसरीकडून बाहेर येईपर्यंत. कप बसवताना पितळी दांडा फिरवत फिरवत ठोकला. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, तोपर्यंत थांबायचं नाही.

नटावर परत थोडी चर्चा झाली. काकांची पद्धत अंदाजाची, चाक फिरवत कसायचं, मग सोडायचं, मग हलकं कसून पाव फेरा मागे. पद्धत चुकीची नाही. पण मी म्हटलं, काका, एकदा डायल गेज, म्हणजे बारीक खेळ मोजायचं घड्याळ, लावून बघू, एवढं झालंय तर. लेथवाल्याकडूनच आणला. ट्रकच्या अशा हबला खेळ साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिमीमध्ये असावा असं धरतात, हाताला कळणारच नाही इतका बारीक. काकांच्या अंदाजानं थोडा वर आला, लॉकच्या एका भोकानं नट पुढे घेतला आणि मापात बसला. काका हसले, "बघितलंस, एका भोकाचाच फरक आहे." होताच, आणि तोच बघायचा होता.

एबीएसचा सेन्सर पूर्ण आत ढकलून चाक फिरवलं, रिंग त्याला स्वतःच योग्य अंतरावर आणते. मग उजवी बाजूपण उघडली, आवाज नसताना. तिथे बेअरिंग चांगलं पण ग्रीस पांढुरकं व्हायला लागलेलं, त्याच पाण्यातून तेपण गेलं होतं ना. धुऊन, सील बदलून, नवीन ग्रीस भरून बंद केलं.

किंग पिनचा तो उरलेला थोडा खेळ? दादा आता म्हणाले करूनच टाका. मी आणि काका दोघांनी नको म्हटलं. खेळ थोडा होता, ग्रीस मारल्यावर स्टिअरिंग नीट होतं, आणि एकाच वेळी दोन कामं केली असती तर आवाज कशानं गेला हे परत धूसर झालं असतं. दिवाळीच्या सुट्टीला लिहून ठेवलं.

निकाल

पहिली फेरी जवळची दिली, पीथमपूर. परत आल्यावर व्हीलनट परत कसले, हब दोन्ही सारखेच कोमट. घर्रर्र गेली. पण ड्रायव्हर म्हणाला, आवाज आहेच, दुसरा आहे, ऊं-ऊं असा. दादांचा चेहरा बघण्यासारखा होता. टायरवरून हात फिरवला तर कडेला चढ-उतार लागत होते, डुगडुगत्या हबनं टायर खरवडून ठेवला होता. ते चाक काढून स्टेपनी लावली, ऊं-ऊं बंद. आधी बेअरिंग नीट न करता नुसता टायर बदलला असता तर उलट्या बाजूनं फसगत झाली असती, हेपण होतं लोकांचं.

मग गाडी धुळ्याला गेली, भरून. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की घाट उतरल्यावर लगेच नाही, ब्रेकची गरमी असते, खलघाटच्या पुढे सपाटीवर थोडं चालवून मग थांबायचं आणि दोन्ही हब हातानं बघायचे. दोन्ही सारखे. एबीएसचा दिवा परत लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हायवेवरच्या गॅरेजवाल्याला शिव्या देणं सोपं आहे, दादांनी दिल्यापण. पण त्याला सांगितलं काय होतं, 'आवाज बंद कर आणि गाडी सोड'. त्यानं आवाज बंद करून दिला. फोनवर एवढंच विचारलं असतं की कपसकट बदललं का, आणि ड्रायव्हरला म्हटलं असतं की जुनं बेअरिंग घेऊन ये, कप आणि कोन दोन्ही, तर पोत्यात फक्त कोन दिसला असता आणि विषय त्याच दिवशी कळला असता. दादांनी आता बिलावर 'बेअरिंग' लिहिलेलं चालवणं बंद केलंय, 'कप-कोन सेट, आतलं, बाहेरचं' असं लिहून पाहिजे म्हणतात. गॅरेजवाले कुरकुरतात, पण लिहितात.

एबीएसचा दिवा हा सगळ्यात वाया गेलेला इशारा होता. पावसात हबपर्यंत पाणी लागलं की त्या आठवड्यात सील बघायचं, हे काकांचं म्हणणं आहे. सगळ्या गाड्यांना दर वेळी हे परवडणार नाही, मला ते जरा जास्तच वाटतं, पण हब कॅप उघडून ग्रीसचा रंग बघायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढं नक्की करता येतं. ढाब्यावर चहाला थांबल्यावर चारही हबजवळ हात नेऊन बघायची सवय ड्रायव्हरनं स्वतःच लावून घेतलीय, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर फोटो नाही, फोन करतो.

आणि पहिल्या आवाजानंतर गाडी त्याच आवाजात इंदूरपर्यंत हळूहळू आणायची की रस्त्यातच उघडायची, याचं एकच उत्तर नाही. हब हाताला सोसत असेल आणि खेळ नसेल तर हळू आणता येते, हब तापत असेल तर तिथेच थांबायचं, अर्धं काम करून घेण्यापेक्षा क्रेन परवडते. फक्त हे ठरवायला त्या दिवशी कुणी हबला हात लावलाच नव्हता.

किंग पिनचं काम दिवाळीच्या सुट्टीत झालं. बुश निघाले तेव्हा खालचा एका बाजूनं चांगलाच झिजलेला होता, वरचा ठीक. दादांनी तो खालचा बुश उचलून मला दाखवला, "म्हणजे किंग पिन पण होताच ना थोडा!" होता. काका तोवर दुसऱ्या गाडीखाली गेले होते.